कोंबडा किती वेळा आरवला?

माझा नवरा म्हणतो, हिला ताटात आधी खडा दिसतो, मग भात. खोटं नाही. सगळा जन्म मुद्रितशोधन करण्यात घालवलेल्या बाईकडून वेगळी अपेक्षा करू नये. लग्नाला गेले की बाकीच्या बायका नवरीचा शालू बघतात, मी पत्रिका बघते. दुकानाची पाटी, वाण्याच्या पुडीचा कागद, काहीही समोर आलं तरी डोळा नेमका चुकीवर जाऊन बसतो. लोकांना ही हुशारी वाटते. हुशारी कसली, खोड आहे. या खोडीपायी मी एका भल्या माणसाची जवळजवळ वाट लावली होती. ती हकिगत आजवर कुठे लिहिली नव्हती.

गिरण्यांचा संप लांबला आणि नवरा घरी बसला, तेव्हा मी कामाला लागले. जुनी अकरावी पास होते, अक्षर चांगलं होतं आणि जीभ तिखट होती. अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या पुढे एका गाळ्यात नानांचा छापखाना होता. शेजारी प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना, त्यामुळे आमच्या प्रत्येक पुस्तकाला कोऱ्या बादलीचा वास यायचा. नाना मालक. शांताराम जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, आमच्याच मालवणकडचा. आणि मी तळवडेकर बाई, चुका काढणारी.

हल्लीच्या मुलांना खिळे म्हणजे काय ते सांगावं लागतं. शिशाचे सुटे खिळे असत, एकेका अक्षराचा एकेक. लाकडी केसमधल्या खणांतून ते उचलून ओळ लावायची. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून खण इतके, की नवा जुळारी महिनाभर नुसता भूगोल शिकायचा. ओळी लागल्या की त्यांच्यावर शाई फिरवून एक कच्चा छाप काढायचा, ते प्रूफ. लेखकाचं हस्तलिखित ती कॉपी. कॉपी आणि प्रूफ शेजारी ठेवून मी चुका काढायची. राहिलेला शब्द घालायचा असेल तर त्या जागी हंसाच्या पायासारखी खूण करायची, तिला हंसपद म्हणतात. दुरुस्त्या झाल्या की आठ-आठ पानांचा फर्मा बांधून छापायचा. आणि छापून झालं की शांताराम ती सगळी जुळणी मोडून खिळे परत खणांत टाकायचा. याला मॅटर सोडणं म्हणत. एकदा मॅटर सोडलं की परतीची वाट बंद.

या कामात नावाजलेही गेले, का नाही सांगायचं? मुलुंडच्या एका बाईंनी कोकणी पदार्थांचं पुस्तक छापायला दिलं होतं. साहित्यात नारळ दोन आणि कृतीत मात्र ‘आता तिसरा नारळ खवून घ्यावा’. मी विचारलं, हा तिसरा कुठून आणायचा? बाई हरखून गेल्या, पुढे वर्षभर मला त्यांच्याकडून सोलकढी येत होती. दुसऱ्यांदा एका लग्नपत्रिकेच्या कॉपीत घरच्यांनीच आजोबांच्या नावाआधी कै. लिहिलं होतं. मी नवऱ्या मुलाच्या काकांना खात्रीसाठी विचारलं, तर आजोबा समोर स्टुलावर चहा पीत बसलेले. काकांचा चेहरा पडला. आजोबा शांतपणे म्हणाले, “राहू दे गो बाय, घरात वागणूक तशीच आहे.”

दोन्ही वेळा मी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. आमच्या कामाचा पहिला नियमच तो आहे. शंका आली तर प्रुफाच्या समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाला विचारायचं. कॉपीत नसलेलं काही आपल्या पदरचं घालायचं नाही. हा नियम मी पुढे कितीतरी मुलींना शिकवला, आणि मोडला तोही मीच.

रणपिसे सर पहिल्यांदा आले ते एका उन्हाळ्यात. शमुवेल रणपिसे, मूळचे नगरकडचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मरोळला दोन खोल्यांत राहायचे. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात ते आणि मुलगा सुधीर. पांढरा लेंगा-सदरा, हातात छत्री, आणि डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की नानांना नमस्कार करायच्या ऐवजी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला केला.

त्यांना येशूच्या चार चरित्रांबद्दल पुस्तक छापायचं होतं. ख्रिस्ती मंडळी त्यांना शुभवर्तमानं म्हणतात: मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशा चार नावांनी चालत आलेली. ही लिखाणं इतिहास म्हणून कितपत भरवशाची आहेत, एवढाच पुस्तकाचा विषय. नानांना वाटलं धर्मप्रसार असणार. सर म्हणाले, “उपदेशाचं एक वाक्य सापडलं तर काढून टाका.”

सर कॉपी हप्त्याहप्त्याने आणत. एक प्रकरण लिहून झालं की तेवढंच. प्रूफ घ्यायला आले की माझ्या टेबलाशी बसत. मला त्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी बिनधास्त विचारायची.

“सर, त्या चौघांनी हाताने लिहिलेलं मूळ कुठे ठेवलंय?”

“कुठेच नाही. मूळ एकही प्रत उरलेली नाही, बाई. आहेत त्या नकलांच्या नकला.”

“मग झालंच की! मध्ये कोणी काय घुसडलं ते कसं कळायचं?”

“नकला पुष्कळ आहेत, वेगवेगळ्या देशांतल्या. त्या ताडून बघायच्या. एकाने काही घुसडलं तर बाकीच्या चुगली करतात.”

“आणि लिहिलं कधी? लगेच?”

“नाही. जाणकार म्हणतात, पहिलं लिखाण येशूनंतर तीस-चाळीस वर्षांनी झालं असावं. बाकीची त्यानंतर.”

“चाळीस वर्षांनी? मला कालची भाजी आठवत नाही.”

“तुमच्या लग्नात कोण रुसलं होतं?”

“माझी मोठी नणंद. तिला साडी हलकी दिली म्हणून.”

“मग!” सर म्हणाले आणि चहा प्यायले.

पाण्यावर चालणं, मेलेला उठणं याबद्दल मी छेडलं, तर म्हणाले ते ज्याचं त्याने ठरवावं, त्यांच्या पुस्तकात ते नाही. लिहिणारे कोण होते, कोणी पाहिलेलं सांगितलं, कोणी ऐकलेलं, आणि ते लबाडी करत होते का, एवढंच ते तपासत होते. जिथे कळत नव्हतं तिथे ‘माहीत नाही’ असं सरळ लिहीत. ‘माहीत नाही’ लिहिणारा लेखक मी तोवर पाहिला नव्हता. मला हा माणूस आवडायला लागला.

एकदा मी विचारलं, हे वाचणार कोण? सर म्हणाले, “एकच वाचक आहे. सुधीर.”

सुधीर मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. आई गेल्यापासून त्याने चर्चला जाणं सोडलं होतं आणि वडिलांशी कामापुरतं बोलत होता. चौघांनी चार तऱ्हा सांगितल्यात, यातलं खरं कुठलं, असा त्याचा सवाल. सरांनी त्याला म्हटलं, लिहून उत्तर देतो. सुधीरने अट घातली, की काही लपवायचं नाही आणि काही गुळगुळीत करायचं नाही. तसं केलंत तर शेवटच्या पानापर्यंत वाचेन, आणि एका ठिकाणी जरी सारवासारव सापडली तरी पुस्तक मिटून ठेवीन.

“मुलाचा माझ्यावरचा विश्वास उडालाय, बाई,” सर म्हणाले. “येशूवरचा उडाला असता तर चर्चच्या पाळकसाहेबांकडे पाठवला असता. माझ्यावरचा आहे, तेव्हा मलाच बघायला हवं.”

का उडाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिसरं प्रकरण आलं आणि सरांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख लागली. त्या काळी मोतीबिंदू काढला की डोळ्यांवर पट्टी बांधून कितीतरी दिवस पडून राहावं लागे. प्रूफ बघणं शक्य नव्हतं. जायच्या आधी सरांनी मला सांगितलं, “तिसरं प्रकरण तुमच्यावर सोडतो. तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली.”

झालं. एवढ्याने मी फुगले.

तिसऱ्या प्रकरणात त्यांनी चारही लिखाणांतले काही प्रसंग शेजारी-शेजारी चार रकान्यांत मांडले होते. खाली एका शब्दाचीही टिप्पणी नाही. ती नंतरच्या प्रकरणांत यायची होती आणि ती प्रकरणं अजून माझ्या हातात पडली नव्हती. येशूला पकडून नेलं त्या रात्री त्याचा पट्टशिष्य पेत्र बाहेर अंगणात शेकोटीपाशी उभा होता आणि लोकांनी विचारल्यावर ‘मी त्याला ओळखतच नाही’ असं तीनदा म्हणाला. मग कोंबडा आरवला. तीन रकान्यांत तो एकदा आरवत होता, मार्कच्या रकान्यात दोनदा. पुढे येशूच्या कबरेपाशी पहाटे बायका गेल्या. एका रकान्यात नावाने एक बाई, एकात दोन, दोघांकडे तिघी. तिथे त्यांना जे कोणी दिसलं, ते दोघांकडे एक आणि दोघांकडे दोन. शिवाय एक म्हणतो देवदूत आणि दुसरा म्हणतो पांढऱ्या कपड्यातला तरुण.

मला वाटलं, बिचारे सर. मोतीबिंदूने पार गोंधळ करून ठेवला. या ओळीतलं त्या ओळीत गेलं असणार. दोन नारळ आणि तिसरा नारळ, तसंच हे.

विचारायला हवं होतं. पण सर पट्टी बांधून पडलेले आणि नानांना मशीन रिकामं ठेवायचं नव्हतं. ‘तुमच्यावर सोडतो’ हे शब्द तर कानात होतेच. मी हंसपदं टाकत सुटले. कोंबड्याचा निकाल बहुमताने लावला: सगळीकडे एकदा. बायका सगळीकडे तिघी. देवदूतांच्या बाबतीत दोन-दोन मतं पडली, तेव्हा माझं मत टाकून मी दोन करून टाकले, आणि त्या तरुणालाही बढती देऊन देवदूत केला. चारही रकाने कसे एका मापाने शिवल्यासारखे दिसायला लागले. मी नानांना ते पान दाखवून म्हटलं, “मास्तरांना स्वतःचाच धर्म नीट ठाऊक नाही हो. माझ्या नजरेतून गेलं म्हणून वाचले.”

फर्मा छापला गेला. शांतारामने मॅटर सोडलं. रिवाजाप्रमाणे एक छापील फर्मा सरांच्या घरी गेला.

शस्त्रक्रियेच्या आधी सर एका वहीत पुढचं प्रकरण लिहून नानांकडे ठेवून गेले होते. ते त्याच दिवशी जुळून माझ्या टेबलावर आलं. त्याचा विषय होता, जुन्या काळी नकला करणाऱ्यांनी केलेले बदल. सरांनी लिहिलं होतं, की लबाडीने बदलणारे थोडेच. जास्त बदल केले ते कष्टाळू, श्रद्धाळू, नीटनेटक्या माणसांनी. एका वृत्तान्तात एक आणि दुसऱ्यात दोन दिसलं, की त्यांना वाटे मागच्याच्या हातून चूक झाली, आणि ते सद्हेतूने जुळवून टाकत. म्हणून दोन नकलांत फरक आढळला, तर बहुधा खडबडीत असलेली जुनी समजावी, कारण गुळगुळीत करायला सगळे तयार असतात, मुद्दाम खडबडीत कोणी करत नाही. आणि शेवटी असं, की तिसऱ्या प्रकरणातली विसंगती वाचकाने डोळ्यांनी पाहिलीच आहे. या चौघांनी एकत्र बसून साक्ष पढवून घेतलेली नाही, याचा तीच पुरावा.

मी छापील फर्मा पुढ्यात ओढला. वाचकाने डोळ्यांनी काय पाहिलं होतं? माझी शिवणकला.

रात्रभर मी स्वतःला समजावत राहिले, की सुधीर कशाला एवढं बारकाईने बघतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाळ्याच्या दारात उभा होता, हातात फर्मा. पंचविशीतला, वडिलांसारखाच उंच. आवाज चढलेला नव्हता, त्याचंच जास्त भय वाटलं.

“पुढचं काम बंद करा,” तो नानांना म्हणाला. “लहानपणापासून हे पाठ आहे मला. कोंबडा मार्कमध्ये दोनदा आरवतो. बाबांनी सगळं जुळवून घेतलंय. आमच्या लॅबमध्ये चौघांची रीडिंग्ज इतकी सारखी आली ना, तर आम्ही समजतो, एकाने काम केलं आणि तिघांनी कॉपी मारली.”

नाना म्हणाले, “सर काय म्हणतात?”

“ते म्हणतात, मी असं लिहिलंच नाही. डोळ्यांवर पट्टी आहे, बघता येत नाही, तरी म्हणतात.” त्याने फर्मा टेबलावर ठेवला. “माझी आई फार हाल होऊन गेली. श्वास मिळत नव्हता, किंचाळत होती. मी तिला धरून बसलो होतो. आणि यांनी चर्चमध्ये सांत्वनसभेत उभं राहून सगळ्यांना सांगितलं, शांतपणे, प्रार्थना करत गेली. ज्या माणसाला घरातलं खरं सांगता येत नाही, तो दोन हजार वर्षांपूर्वीचं काय सांगणार? तरी म्हटलं, एक संधी देऊ या. पुन्हा तेच केलं.”

सुधीरच्या मनात छापखान्याबद्दल शंकासुद्धा नव्हती. नानांच्या लक्षात सगळं आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर मशीनकडे वळवली. मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. खरं सांगते, दोन-तीन क्षण मी गप्प बसलेही. पण मरोळच्या त्या खोलीत डोळे बांधून पडलेला माणूस माझ्या चुकीचा मार खात होता, आणि ते मला सोसेना.

“सर खरं बोलतायत,” मी म्हटलं. “ते मी केलं.”

सुधीरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कॉपी दाखवा.”

इथे आमच्या धंद्याची एक घाणेरडी सवय आडवी आली. सर एका बाजूनेच लिहीत. काम झालेल्या कॉपीच्या कोऱ्या पाठीवर शांताराम लग्नपत्रिकांची प्रुफं काढायचा आणि मग ती रद्दीत जायची. माझ्या खुणांची प्रुफंही त्याच रद्दीत गेलेली. आम्ही गाळा पालथा घातला. दोन पानं सापडली, त्यांत नेमकी ती नव्हती.

शांताराम कपाळाला हात लावून म्हणाला, “वयनी, कॉपी गेली, मॅटर सोडलंय. आता खंयसून हाडू?”

मी पुढच्या प्रकरणाचं प्रूफ दाखवलं. “हे लिहिलं आणि छापताना धीर झाला नसेल. म्हणजे पुरावा नाही,” सुधीर म्हणाला. “तुमचा शब्द फक्त. बाबांवर दया आली म्हणूनही सांगत असाल.”

“पुरावा नाही,” मी म्हटलं. “पण ऐकून तर घे.” आणि मी सगळं सांगितलं. बहुमत, माझं मत, देवदूताची बढती. नानांपुढे मारलेली फुशारकीसुद्धा, शब्द न् शब्द. मास्तरांना स्वतःचाच धर्म ठाऊक नाही, हे त्यांच्या मुलासमोर बोलताना कान लाल झाले. नानांनी खाली मान घालून “असं म्हणाल्या खऱ्या” म्हणून सांगितलं.

सुधीर हसला नाही, पण खुर्ची ओढून बसला. म्हणाला, “दुसऱ्या प्रकरणात बाबांनी लिहिलंय, पेत्राने कच खाल्ली ही गोष्ट त्याच्याच लोकांनी जपून ठेवली. स्वतःची अशी फजिती कोणी मुद्दाम रचत नाही.” मग उठला. “चला घरी. त्यांना तुम्हीच सांगा.”

सर खाटेवर उताणे पडले होते, डोळ्यांवर जाड पट्टी. मी पायाशी उभी राहून कबुली दिली. ओरडतील म्हणून वाट बघत होते, तर त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते.

“डोकं हलवायचं नाही म्हणून सांगितलंय मला, बाई, हसवू नका. एक गोष्ट सांगतो, या कामात तुम्ही पहिल्या नाही.”

मला रडू फुटलं. ते हसले नसते तर फुटलं नसतं.

ठरलं असं, की तो फर्मा रद्द करून तिसरं प्रकरण पुन्हा जुळवायचं. कागद वाया गेला म्हणून नाना कुरकुरले, पण बादलीवाल्याला गुंडाळायला दिला तो. शांताराम म्हणाला, कॉपी मिळाली की सोमवारी जुळवतो. प्रश्न कॉपीचा होता. बायबल घरात होतं, पण प्रसंगांची निवड आणि शब्द सरांचे होते. ते त्यांना बहुतेक तोंडपाठ होते, पण लिहिणार कोण? रविवारी सकाळी मी मरोळला गेले आणि पिशवीतून पेन काढलं.

“तुम्ही नको,” सुधीर म्हणाला. “तुमच्या हातात पेन देण्यात अर्थ नाही.” मग वही मांडीवर घेऊन म्हणाला, “सांगा, बाबा.”

काम दिवसभर चाललं. सर सांगत होते, सुधीर लिहीत होता आणि मी लिहिलेलं पान मोठ्याने वाचून दाखवत होते. दोन ठिकाणी सरांना काय लिहिलं होतं ते आठवेना. माझी आठवण एक, सुधीरने वडिलांकडून पूर्वी ऐकलेलं दुसरं. सर म्हणाले, “खात्री नाही असं लिही आणि पुढे चल.” बाप-लेक एवढं सलग बोललेले मी पहिल्यांदाच पाहत होते. बोलणं सगळं येशूच्या शिष्यांबद्दल होतं, तरीही.

दुपारी पेत्राचा प्रसंग आला. मत्तयचा रकाना झाला. मार्कमधला दोन वेळा आरवणारा कोंबडा झाला, तिथे सुधीरने माझ्याकडे पाहून पेन जरा जास्तच जोरात टेकवलं. लूक झाला, योहान झाला. बाहेर अंगणात थांबलेला पेत्र चारही रकान्यांत लिहून झाला आणि सर थांबले. मला वाटलं थकले. मी पाणी द्यायला उठले.

“खाली एक तळटीप घाल,” सर म्हणाले.

“सांगा.”

“प्रस्तुत लेखकाच्या पत्नीचा अंत झाला, तेव्हा तो खोलीत नव्हता.”

सुधीरचा हात थांबला.

“लिही. तिचा आवाज त्याला ऐकवेना, म्हणून तो खाली नळापाशी जाऊन उभा राहिला. आवाज थांबल्यावर वर आला. सांत्वनसभेत त्याने जे सांगितलं, ते त्याने पाहिलेलं नव्हतं. तसं झालं असतं तर बरं, असं त्याला वाटत होतं.”

मूळ कॉपीत ही टीप नव्हती. मी ते प्रकरण तीनदा वाचलं होतं, मला पक्कं माहीत होतं. ती जुनी म्हणून सांगितली जात होती की आत्ताच सुचली होती, हे विचारायचं माझं काम नव्हतं. मी पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले.

सुधीरने वाक्य पुरं केलं. मग म्हणाला, “मला माहीत होतं, बाबा. खिडकीतून दिसत होता तुम्ही. नळाला धरून उभे होता.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो.”

सरांनी हात पुढे केला. दिसत नसल्यामुळे तो वहीवर पडला, आणि सुधीरने तो तिथेच धरून ठेवला. शाई ओली होती, शेवटची ओळ थोडी फिसकटली. मी पेला कोनाड्यात ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

सुधीर पुढे चर्चला जाऊ लागला की नाही, मला ठाऊक नाही. पुस्तक मात्र त्याने शेवटपर्यंत वाचलं, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणांची प्रुफं वडिलांसाठी तोच घेऊन जायचा आणि माझ्या हंसपदांकडे संशयाने बघायचा.

सोमवारी शांतारामने तळटीप बारीक टाइपात जुळवली. पान लावताना नाना म्हणाले, “दोन ओळी जास्त होतायत. तळटिपेतल्या दोन कापा, बाई, म्हणजे पानात नीट बसेल. अर्थ तोच राहतोय ना?”

मी म्हटलं, “पान वाढवा, नाना. ती आहे तशीच जाईल.”